हाताला बसेल असं पिस्तूल

मनोहरला सोबत न्यायचं उत्तराच्या मनात अजिबात नव्हतं. पण केयाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आई पिस्तूल घ्यायला जाणार आहे हे तिने मामाला फोनवर सांगून टाकलं आणि शनिवारी सकाळी मनोहर दारात उभा. त्याची गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून शोभनावहिनी त्याला सोडायला आली होती. ती गाडीतून उतरली नाही, काचसुद्धा खाली केली नाही, तशीच वळून निघून गेली.

"तुला त्यातलं काय कळतं?" मनोहर म्हणाला. "कोणीही काहीही गळ्यात मारेल. मी आहे ना."

उत्तराने गाडीची किल्ली उचलली. दादाकडे चार पिस्तुलं होती, दर रविवारी तो नेमबाजीच्या रेंजवर जायचा आणि मराठी मंडळाच्या जेवणात त्याचं दुसरं बोलणं नसायचं. नाही म्हटलं असतं तर तिथेच भांडण सुरू झालं असतं. ते भांडण गाडीत सुरू झालं, एवढाच फरक.

उत्तरा चँडलर शहरात घरं विकायची. घटस्फोटानंतर तिने परीक्षा देऊन घरविक्रीचं लायसन्स काढलं, तेव्हा मनोहरने त्याला दलाली म्हटलं होतं आणि अजूनही तो तेच म्हणायचा. आज त्याचा सूर असा होता, की एकट्या बाईने परक्या माणसाला घेऊन रिकाम्या घरात मुळात जायचंच कशाला. उत्तरा म्हणाली, रिकामी घरं दाखवणं हेच माझं काम आहे. तो म्हणाला, तेच सांगतोय, धंदाच तसला. बाहेर ऊन इतकं तापलं होतं की स्टिअरिंगला हात लागत नव्हता.

"एक क्लायंट विचित्र वागला," एवढंच तिने घरी सांगितलं होतं. तो क्लायंट परका नव्हता. तो गुरुनाथ होता, मनोहरचा जिवलग मित्र, मंडळाचा खजिनदार. गणपतीत आरतीचं ताट पहिल्यांदा त्याच्या हातात जायचं. गुंतवणुकीसाठी घर बघायचंय म्हणाला, म्हणून मनोहरनेच त्याला उत्तराचा नंबर दिला होता आणि वर उपकार केल्यासारखं बोलून दाखवलं होतं.

मंडळात सगळ्यांसमोर उत्तराताई म्हणणारा गुरुनाथ त्या घरात शिरल्यापासून नुसतं उत्तरा म्हणायला लागला. मोठ्या बेडरूममध्ये ती कपाटाचं दार उघडून दाखवत होती. वळून पाहिलं तर तो खोलीच्या दारात उभा, दोन्ही हात चौकटीला लावून. ती म्हणाली, चला, मागचं अंगण बघू. तो हलला नाही. "एकटी बाई, रिकामी घरं," तो म्हणाला. "भीती नाही वाटत?" आणि हसत हसत त्याने टी-शर्ट वर करून पोट खाजवलं. कमरेला पिस्तूल होतं. मूठ वाळूच्या रंगाची. शर्ट खाली सोडायची त्याला काही घाई नव्हती. बाहेर स्विमिंग पूल साफ करणाऱ्यांचा ट्रक येऊन थांबला, दारं आपटल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तो बाजूला झाला आणि घराची किंमत विचारायला लागला.

त्याने हात लावला नव्हता. धमकी दिली नव्हती. पोलिसांना काय सांगायचं, हा प्रश्न घेऊन ती दोन-तीनदा फोनजवळ जाऊन परत आली होती. त्यानंतर प्रत्येक घरात शिरताना तिला आधी दार दिसायचं आणि मग खोली.

दुकानात शिरल्याबरोबर भिंतीपलीकडच्या रेंजमधले धाडधाड आवाज ऐकू आले. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचा डॅरिल होता. त्याने "मॅनी" अशी हाक मारून मनोहरचा हात हातात घेतला आणि उत्तराकडे फक्त मान हलवली. मग दोघं तिच्याबद्दल बोलायला लागले, ती तिथे नसल्यासारखी. लपवून बाळगायचंय, पहिलंच आहे, हात लहान आहेत. मनोहर म्हणाला, सगळ्यात छोटं दाखव, पर्समध्ये मावेल असं.

"पर्समध्ये नको," उत्तरा म्हणाली. "पर्स मी घरात शिरल्यावर किचनच्या ओट्यावर ठेवते. अंगावरच पाहिजे."

मनोहरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डॅरिलने काउंटरवरच्या छोट्या काळ्या गादीवर एक इवलंसं पिस्तूल ठेवलं. रिकामं आहे हे दाखवलं आणि तिच्याकडे सरकवलं. ते पत्त्यांच्या जोडाएवढं दिसत होतं, पण मुठीत धरलं तर करंगळी खाली लोंबकळत राहिली. गोळी आत घ्यायला वरची स्लाइड मागे ओढावी लागते. उत्तराने ओढली, ती हललीच नाही. पुन्हा ओढली, बोटं घसरली.

मनोहर हसला. "लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही हिच्याने," तो डॅरिलला इंग्रजीत म्हणाला. डॅरिलही हसला.

मग मनोहरने काचेखाली बोट दाखवलं. "ते दे. माझ्याकडे आहे तेच. घ्यायचं तर हे." आणि डॅरिल ते बाहेर काढत असताना तो मराठीत पुढे बोलत राहिला. "फर्स्ट क्लास पीस. हिवाळ्यात गुरुनाथला मीच घ्यायला लावलं. त्याला काही समजत नव्हतं, इथेच उभा राहून सगळं शिकवलं. कुठे बांधायचं, शर्ट कसला घालायचा, सगळं."

गादीवर पिस्तूल आलं. मूठ वाळूच्या रंगाची होती.

उत्तराने त्याला हात लावला नाही. एवढे दिवस ती मनात त्या माणसाची जी आकृती पाहत होती, तिच्या मागे आता दादा उभा होता, शर्ट कसला घालायचा ते सांगत.

"त्याला कशाला हवं होतं?" तिने विचारलं.

"कशाला म्हणजे? सेफ्टी. तुला कशाला हवंय?"

ती म्हणाली, हे नको. का नको, म्हणून मनोहर चिडला. तेवढ्यात काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली लॉरेन पुढे आली. पिकलेली वेणी, हातावर उन्हाचे डाग. ती तिथे नेमबाजी शिकवायची. इतका वेळ ती हे सगळं बघत होती. तिने थेट उत्तराला विचारलं, कामावर कपडे कोणते घालतेस, पट्टा लावतेस का, दिवसातून किती वेळा बसतेस-उठतेस. मग एक तिसरं पिस्तूल काढलं. पहिल्यापेक्षा थोडं मोठं, जरा जाड, पण मुठीत सगळी बोटं बसत होती. लॉरेनने सांगितलं की फार छोटं पिस्तूल हातात जास्त उसळतं, लोक हे ध्यानात घेत नाहीत आणि मग एकदा वापरून कपाटात टाकतात. ह्याची स्लाइड ओढताना उत्तराला जोर लावावा लागला, पण ती मागे आली.

लॉरेन तिला आत रेंजवर घेऊन गेली. मनोहर काचेमागे उभा राहून हातवारे करत होता. कोपर सरळ, पाय मागे. उत्तराने त्याच्याकडे पाठ केली. पहिल्या गोळीला ती दचकली आणि ती गोळी कागदाच्या बाहेर गेली. पाचव्या-सहाव्या गोळीपासून भोकं मधल्या गोलाच्या आसपास पडायला लागली. मनगटात झिणझिण्या आल्या होत्या, आवाज अडवायला कानांवर लावलेल्या कपांखाली घाम निथळत होता. बऱ्याच दिवसांनी तिचा श्वास नीट चालला होता.

बाहेर येऊन ती डॅरिलला म्हणाली, हेच द्या. मनोहरने मध्ये हात घातला. हे बोजड आहे, दिसेल, तू मूर्खपणा करतेयस, मी सांगतो ते घे. तो सांगतच राहिला आणि त्याचा हात त्या वाळूच्या रंगाच्या मुठीवर होता.

तेव्हा उत्तराने त्याला सांगितलं. आवाज न चढवता, मराठीत, काउंटरशी उभं राहून. तो क्लायंट कोण होता, कुठे उभा राहिला, काय बोलला आणि शर्ट वर करून त्याने काय दाखवलं.

मनोहर म्हणाला, "हात लावला त्याने?"

"नाही."

"मग?"

उत्तराने पर्समधून कार्ड काढलं.

"अगं, त्याचं पोट सुटलंय, शर्ट वर जातोच त्याचा. मस्करी केली असेल. तुला प्रत्येक पुरुष तसलाच दिसतो, तुझ्या नवऱ्यानंतर." आता त्याच्या मानेवरची शीर फुगली होती. "हे कुठे बोलली नाहीस ना? मंडळात आमचं रोजचं उठणं-बसणं आहे. आणि त्याच्यासाठी तू पिस्तूल घेतेयस? गुरुनाथवर चालवणार?"

"जो दारात उभा राहील आणि हलणार नाही, त्याच्यासाठी घेतेय. तो कोण असेल हे मी ठरवत नाही."

मनोहरने तिच्याकडे असं पाहिलं की ती एक पाऊल मागे सरली. मग तो डॅरिलकडे वळला आणि खालच्या आवाजात, अगदी काळजीच्या सुरात इंग्रजीत म्हणाला, की बहिणीची तब्येत बरी नाही, घटस्फोटापासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, एका ओळखीच्या माणसाबद्दल तिच्या डोक्यात काहीतरी बसलंय, आज तिला काही विकू नका.

गोळ्या झोपेच्या होत्या, तीन महिन्यांच्या, कधीच्या बंद झालेल्या. त्या दिवसांत मनोहरच्याच घरी ती राहिली होती, म्हणून त्याला माहीत होतं.

डॅरिलने गादीवरची सगळी पिस्तुलं आपल्याकडे ओढून घेतली. "आज नको, मॅडम," तो म्हणाला. उत्तराने सांगून पाहिलं. तो नजर न उचलता म्हणाला, शंका आली तर विकायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. लॉरेन काहीतरी बोलायला गेली, त्याने मान हलवून तिला थांबवलं.

बाहेर पार्किंगमध्ये मनोहर तिच्यामागून आला. तुझ्या भल्यासाठीच केलं, असं म्हणत त्याने गाडीच्या दाराला हात घातला. उत्तराने आतून कुलूप लावलं आणि काच दोन बोटं खाली केली.

"जोपर्यंत तो माणूस तुझ्या घरी जेवायला येतो, तोपर्यंत माझ्या घरी पाय ठेवायचा नाही. केयाला फोन करायचा नाही. आता जायची सोय तुझी तू बघ."

त्याने बोनटवर हात आपटला. तिने गाडी मागे घेतली. आरशात तो उन्हात उभा दिसला, कानाला फोन लावलेला. न्यायला ये म्हणून तो कोणाला फोन करतोय, याबद्दल तिला शंका नव्हती.

ती घरी गेली नाही. तशीच शेजारच्या मेसा गावात गेली, एका दुसऱ्या दुकानात. तिथल्या मुलीला तिने हवं ते पिस्तूल नाव घेऊन सांगितलं, पट्ट्याच्या आत पिस्तूल अडकवायचं होल्स्टर घेतलं. कॉम्प्युटरवर सरकारी तपासणी झाली, मंजुरी आली. मुलीने कशासाठी हवंय असं विचारलं, उत्तरा म्हणाली, कामासाठी. मुलीने पावती फाडून दिली.

संध्याकाळी शोभनाचा फोन आला. उत्तराला वाटलं, भांडायलाच केलाय. पण शोभना म्हणाली की गुरुनाथ मनोहरला सोडायला आला आणि आत्ता बाहेर बसलाय, दोघं बिअर पिताहेत, उत्तराचं नाव काढून हसताहेत.

"तो येतो तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही," शोभना हळू आवाजात म्हणाली. "गेल्या दिवाळीपासून. तुझ्या कधी लक्षात आलं नाही का?"

उत्तरा खुर्चीवर बसली. शोभनाने विचारलं, घेतलंस का, कोणतं घेतलंस, जड आहे का. माझ्या हातात मावेल का.

"वहिनी," उत्तरा म्हणाली, "तो मला घर बघायच्या निमित्ताने एकटीला भेटणार होता, हे तुला माहीत होतं?"

पलीकडून बाहेरच्या हसण्याचा आवाज आला.

"होतं," शोभना म्हणाली.

"आणि मला एक फोन नाही केलास."

शोभना रडायला लागली. एरवी उत्तराने थांबून ऐकलं असतं. तिने फोन ठेवला आणि दादाबरोबर वहिनीचाही नंबर ब्लॉक केला. केयाने काय झालं म्हणून विचारलं, तर तिने मामाकडे यापुढे जायचं नाही एवढंच सांगितलं. केया इंग्रजीत वाद घालायला लागली, मग आईचा चेहरा बघून खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दहाला गिल्बर्टमध्ये एक घर दाखवायचं होतं. उत्तराने आरशासमोर एकामागून एक कपडे काढले-घातले. रेशमी शर्टातून मूठ दिसत होती. अबोली कुर्ता बरा होता, पण बसलं की वर सरकायचा. शेवटी लिननचं सैल जाकीट निघालं. पिस्तूल कमरेला टोचत होतं, वाकता येत नव्हतं. गाडीत बसताना तिने पट्टा दोनदा सारखा केला.

क्लायंट एक मध्यमवयीन गृहस्थ होता, ह्यूस्टनहून बदली होऊन आलेला. बायको मागून येणार होती. तो दारात अदबीने बाजूला झाला आणि म्हणाला, आफ्टर यू. इतकी वर्षं ती थँक यू म्हणून पुढे शिरायची.

"नाही," उत्तरा म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा."

त्याला ते चमत्कारिक वाटलं असावं. तो आत गेला. उत्तरा दार उघडं ठेवून त्याच्या मागे गेली.