रीमच्या चंदीतलं चूर्ण

शहाताने रीमच्या ठाणातला भाताचा पेंढा मुठीत घेऊन दाबला, तर बोटांमधून पाणी ठिबकलं. कालच सगळा पेंढा बदलला होता. घोडी पहाटेपासून दोन बादल्या पाणी पिऊन तिसरीसाठी मान वळवून बघत होती.

"हाजी, हिची तहान भागत नाही," तो दारात उभ्या असलेल्या रदवान हाजींना म्हणाला. "आणि मुततेय ती तर विचारू नका."

"अरे, अंग बघ तिचं! आरशासारखं चमकतंय. सारं बिलबीस गाव बघायला येतंय." हाजी हसले. "तुझ्या कलौंजीला सवत आली म्हणून पोटात दुखतंय होय तुझ्या?"

शहाता ओला पेंढा बाहेर ओढू लागला. हाजींच्या पागेत मोतद्दार म्हणून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. दर हिवाळ्यात तो घोड्यांच्या चंदीत मूठभर कलौंजी आणि उसाची काकवी घालायचा. तीन आठवड्यांपूर्वी वगदी नावाचा विक्रेता डबे घेऊन आला. कलौंजीसकट बारा वनस्पतींचं चूर्ण आहे, घोड्याची रोगप्रतिकारशक्ती दुप्पट होते, म्हणाला. कलौंजी बंद झाली. सातही घोड्यांना दोन वेळा चमचाभर चूर्ण सुरू झालं आणि आठवड्याभरात त्यांची भूक वाढली, अंगावर तेज आलं. लग्नात मिजमारच्या सुरांवर नाचवायला लोक हाजींचेच घोडे मागू लागले.

शहाताला मात्र ते तेज पटत नव्हतं. रीमच्या मागच्या पायाला खिळा ओरखडला होता. असली जखम चार दिवसांत खपली धरते. बारा दिवस झाले तरी ती ओलीच होती, माश्या उठत नव्हत्या. एवढी ताकद वाढलीय म्हणतात, मग हिचं अंग एवढीशी जखम का भरून काढत नाही?

वगदी नवे डबे द्यायला आला तेव्हा शहाताने विचारलंच.

"उस्ताद, यात कलौंजी आहे म्हणता, मग वास कसा येत नाही?"

"वास काढून टाकतो आम्ही. घोड्यांना आवडत नाही."

"माझ्या घोड्यांनी सव्वीस वर्षं खाल्ली की!"

"हाजी, आवरा याला," वगदी हसत म्हणाला. "उद्या हा दवाखाना उघडेल."

तो गेल्यावर शहाताने चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं. आधी गोड लागलं, मग कडू. कलौंजीचा कडवटपणा त्याच्या ओळखीचा होता, मेथीचाही. हा तसला नव्हता. पाण्याशिवाय गिळलेली गोळी घशात विरघळावी तसा तो दुपारपर्यंत जाईना.

त्या दिवसापासून त्याने रीमचं चूर्ण बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांचंच बंद केलं असतं तर एवढं चूर्ण लपवता आलं नसतं. रीमला त्याने स्वतःच्या हातांनी आईच्या पोटातून ओढून काढलं होतं. निदान ती तरी वाचावी. तिचा वाटा तो रोज लिदीच्या ढिगात पुरायचा.

पाचव्या दिवशी रीमने चंदीला तोंड लावलं नाही. मान खाली, अंग तापलेलं, छातीत खोकला. हाजींनी गुरांच्या डॉक्टर नरमीनबाईंना बोलावलं. त्या यायला आणि हाजींना लिदीत चूर्णाचे गठ्ठे दिसायला एकच गाठ पडली.

"औषध लिदीत? माझ्या घोडीला मारायला निघालास? इतका जळफळाट?"

"बाई, आधी माझं ऐका," शहाता डॉक्टरांकडे वळला. "मग हाकला मला."

त्याने सगळं सांगितलं: पाणी, जखम, जिभेवरची चव, पुरलेलं चूर्ण. नरमीनबाईंनी जखम निरखली, डब्यातलं थोडं चूर्ण बाटलीत घेतलं.

"शहाताकाका, बरोबर ओळखलंत तुम्ही. यात स्टेरॉइड असावं. त्याने भूक लागते, अंग चमकतं, पण रोगाशी लढायची शक्ती आतून खचते. त्यातच तिला हा खोकला धरला."

"मग मी बंद केलं ते बरंच केलं ना?"

बाईंनी बाटलीला बूच लावलं. "एकदम बंद करायला नको होतं, काका. शरीर त्याच्यावर टेकलेलं असतं. थोडं थोडं कमी करावं लागतं. मला सांगायला हवं होतंत."

सुया झाल्या, सलाइन झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी, शहाता तिचे कान चोळत असताना रीम गेली.

तपासणीत डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. चूर्णात वाळलेला लसूणघासाचा चारा होता आणि स्टेरॉइड. वगदीचा फोन बंद होता. उरलेल्या सहा घोड्यांचं औषध डॉक्टरांनी दिवसागणिक उतरवत आणलं, आणि ते तगले.

वगदीविरुद्ध जबाब द्यायला हाजी शहाताला पोलिस ठाण्यात घेऊन गेले. जबाब अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी हळूच त्याचं कोपर दाबलं.

"लिदीत पुरल्याचं कशाला सांगतोस? त्याचा वकील तेच धरून बसेल. घोडी तुझ्यामुळेच गेली म्हणेल."

"थोडी गेलीच की माझ्यामुळे."

"अरे, सहा वाचले तुझ्यामुळे! तेवढं सांग."

शहाताने लिहिणाऱ्या कारकुनाकडे पाहिलं. "लिहा साहेब. कुणाला न विचारता मी तिचं चूर्ण बंद केलं. दिवस मोजून सांगतो, तेही लिहा."

कारकुनाने लिहिलं, वाचून दाखवलं आणि शाईची डबी पुढे सरकवली. ठसा नीट उमटेना. आयुष्यभर लगाम आणि दोर ओढून अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. कारकुनाने तिसऱ्यांदा शाई लावली. शहाताने अंगठा कागदावर टेकवला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला.