दुमडलेला तांबडा पट्टा

मी एक जुनी सतरंजी आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण माझ्या अंगावरचे डाग मोजायला मी कधी बसले नाही. ग्रामपंचायतीच्या माळ्यावर फुटक्या कंदिलांच्या शेजारी मला गुंडाळून टाकलेलं होतं. उंदरांशी माझं पटत नाही, आणि झुरळांशी तर त्याहून नाही. आज साफसफाई निघाली, मला खाली आणून उलगडलं, तुम्ही पोरंसोरं भोवती जमलात. तुमच्यातल्या एकीनं विचारलं, “हा कडेचा एकच पट्टा एवढा लाल काऊन?” मित्रांनो, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारलंत तर आता बसा, सांगते.

माझा जन्म तुरुंगात झाला. दचकू नका, गुन्हा माझा नव्हता. त्या काळी कैद्यांना हातमाग दिलेले असत आणि त्यांनी विणलेल्या सतरंज्या शाळा-कचेऱ्यांत जात. मला विणणारा माणूस फार कमी बोलायचा. एक धागा इकडचा तिकडे झाला तर उसवून पुन्हा विणायचा. निळ्या जमिनीवर त्यानं सात तांबडे पट्टे घातले. सातच का, ते त्याचं त्याला ठाऊक. मला बाहेर पडायची घाई झाली होती, त्याला बिचाऱ्याला कुठं जायचं नव्हतं. शेवटचा धागा तोडल्यावर त्यानं माझ्यावरून एकदा हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

तेव्हा आपलं महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. या गावात पहिल्यांदाच मतं पडून पंचायत निवडली गेली होती आणि तिच्याकडे बसायला काही नव्हतं. सरपंच गुलाबराव धाड गावच्या बाजाराला आले, माझे पट्टे मोजले आणि म्हणाले, “सात पंच अन् सात पट्टे. हे तर आपल्यासाठीच इनली.” बैलगाडीतून मी या चावडीत आले. पहिल्या सभेत ज्याला जो पट्टा मिळाला तो त्याचाच होऊन बसला. पुढं दुसऱ्याच्या पट्ट्यावर नुसता गुडघा गेला तरी माणसं चमकून पाहायची.

काम मला भरपूर होतं. सकाळी चावडीतच शाळा भरायची, ती माझ्यावर. संध्याकाळी भजन असेल तर तेही माझ्यावर. लग्नात मला मांडवाखाली अंथरायचे आणि वरण सांडून परत आणायचे. मी कधी कुरकुर केली नाही. थोडी केली असेल, वरण गरम असलं तर.

एक सांगून ठेवते. मी माणसं पायांवरून ओळखते. तोंड माणूस धुऊन-पुसून, हसतं करून आणतो. पाय जसे असतील तसे येतात.

सात पंचांतल्या पुंजाजींचे पाय मोठे, टाचा भेगाळलेल्या. त्यांनी मुद्दाम दाराजवळचा, अगदी कडेचा पट्टा घेतला होता. तंबाखू थुंकायला बरं पडतं, असं ते सांगत. बोलता बोलता माझ्या दशा ओढायची त्यांना भारी खोड होती. विचार जितका अवघड तितका धागा लांब निघायचा. त्यांच्या बाजूची माझी झालर लवकरच संपली, पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कारण ते ज्याचा विचार करत होते ते मला रोज दिसत होतं.

सकाळी शाळेला बसणाऱ्या पोरांपैकी पाच-सहा जणांच्या पायांना फडकं बांधलेलं असायचं. आपल्या गावात तेव्हा नारू होता. तुम्ही तो पाहिला नाही, देव करो आणि कधी दिसू नये. पाण्यातून पोटात गेलेला जंतू वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघायचा. पाय सुजायचा आणि आग आग व्हायची. गावची विहीर पायऱ्यांची होती. बायका, पोरं पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालून घागरी भरायची. नारूचा पाय त्याच पाण्यात, आणि तेच पाणी घरोघर. युसूफभाई पंच होते, त्यांची गौसिया दुसरीत होती. ती दुखरा पाय माझ्यावर हळूच टेकवायची आणि कोणाचा धक्का लागू नये म्हणून दप्तर आडवं ठेवायची. मी नुसती सुताची, पण तेव्हा वाटायचं, आपण जरा कापसासारखं मऊ असतो तर बरं झालं असतं.

पुंजाजींनी एकच धोशा लावला होता, की विहिरीच्या पायऱ्या बुजवा, वरून कठडा बांधा, गडगडी लावा आणि दोरानं पाणी काढा. यात अडचण होती ती आसरांची. सगळ्यात खालच्या पायरीवर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते. तीन पंच म्हणत, पायऱ्या बुजवल्या तर आसरा गाडल्या जातील, कोपतील. त्यांच्या पोटातली भीती खरी होती. त्यांना हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणि या सगळ्यात इंद्रभान. हे इंद्रभान निवडणुकीत पुंजाजींच्या विरुद्ध उभे राहून पडले होते. पडले तरी सभा एक चुकवायचे नाहीत. माझ्यावर मात्र बसायचे नाहीत. गुलाबरावांनी कितीदा म्हटलं, “इंद्रभानभाऊ, सतरंजीवर या.” तर उत्तर एकच, “मी पडेल मानूस. मले भुईच बरी.” असं म्हणून पुंजाजींच्या पट्ट्याला लागून जमिनीवर बसायचे, एक पाय लांब करून. त्या पायातून दोनदा नारू निघालेला होता, तो नीट दुमडत नसे.

मग दोघांची जुंपायची.

“पयले पायऱ्या बुजवा, बाकीचं मंग पाहू,” पुंजाजी म्हणायचे.

“मंग काऊन? पयले आसराइले वर आना. वाजतगाजत आना, कठड्यापाशी ओटा बांधून बसवा. देवाले मान भेटला की लोकं आपसूक हो म्हनतीन.”

“तुले काय कळते बे?”

“तुले जे कळत नाई ते.”

लहानपणापासूनचे सोबती ते, एका बांधावर वाढलेले. भांडण संपलं की पुंजाजी तंबाखूची चंची न बघता बाजूला सरकवायचे आणि इंद्रभान न बघता उचलायचे. हे फक्त मला दिसायचं, कारण ती चंची माझ्यावरून घसटत जायची.

पुंजाजींनी हळूहळू युसूफभाई धरून दोघांना आपल्याकडे वळवलं होतं. शेवटी गुलाबरावही वळले. पुढच्या सभेत चार हात वर होणार होते. त्या सभेच्या आधीच, ज्वारीची कापणी चालू असताना पुंजाजी शेतात बसले ते उठले नाहीत. मित्रांनो, माझ्यावर कितीतरी माणसं बसली आणि गेली. पण त्या दिवशी दाराजवळ ती टाच टेकली नाही आणि माझ्या उरल्यासुरल्या दशा कोणी ओढल्या नाहीत, तेव्हा मला फार सुनंसुनं वाटलं.

आमच्या गावात एक रीत होती. भजनातला कोणी जाणता माणूस गेला की त्याच्या जागेची बैठक थोडी दुमडून ठेवायची. त्यावर कोणी बसायचं नाही. गुलाबरावांनी स्वतः माझी कड उचलली, पुंजाजींचा पट्टा आत दुमडला आणि वर एक पान-सुपारी ठेवली.

पुढच्या सभेत ग्रामसेवकानं रिकाम्या जागेचा विषय काढला. तो मेहकरकडचा, सरळ माणूस. त्यानं समजावून सांगितलं, की वर कळवलं तर पोटनिवडणूक लागेल. एकच अर्ज आला तर मतं पडायची गरज नाही, तो माणूस बिनविरोध येईल. आणि काहीच कळवलं नाही तर जागा अशीच रिकामी राहील.

मग एकेक सूचना निघाल्या. कोणी म्हणालं, पुंजाजींच्या मुलाला घ्या. पण तो एसटीत कंडक्टर, गावात राहायला नव्हता. कोणी त्यांच्या पत्नीचं, गोजरबाईंचं नाव घेतलं. एकानं दबकत इंद्रभानचं नाव काढलं, तर सगळे त्याच्यावर तुटून पडले. आयुष्यभर ज्याच्याशी भांडण झालं त्यालाच त्या जागेवर बसवायचं, म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान, असं सगळ्यांना वाटलं. इंद्रभान खाली मान घालून उठले आणि लंगडत बाहेर गेले.

गुलाबराव म्हणाले, “पुंजाजीची जागा पुंजाजीचीच राह्यन. मुदत सरेपर्यंत कोनी बसाचं नाई.” सगळ्यांचे डोळे भरून आले. ठराव झाला. मलाही बरं वाटलं, कारण तो पट्टा दुसऱ्या कोणाला द्यायला मी तरी कुठं तयार होते?

पण मग विहिरीचा विषय आला आणि तीन हात इकडे, तीन हात तिकडे झाले. ग्रामसेवक म्हणाला, बरोबरी झाली तर सरपंचांना जादा मत देता येतं. गुलाबराव कसनुसे झाले. “त्याच्या माघारी मी दोन-दोन मतं देऊ? ते तर त्याच्या जाग्यावर पाय ठेवल्यासारखं होईन.” विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत पुन्हा तसंच झालं, आणि त्यापुढंही तसंच. दर वेळी पान-सुपारी मात्र ताजी ठेवली जायची. इंद्रभान यायचे बंद झाले होते. दिवस गेले, उन्हाळा आला, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि नारूचे पाय वाढले. गौसियाच्या दुसऱ्या पायातूनही नारू निघाला. एक दिवस तिची जागा शाळेत रिकामी राहिली, मग रोजच रिकामी राहू लागली. तिच्या जागी मात्र कोणी पान-सुपारी ठेवली नाही.

अशाच एका सभेत दुपारी गोजरबाई आल्या. चावडीत त्या कधी आलेल्या नव्हत्या. विहिरीवरूनच आल्या होत्या, त्यांच्या ओल्या पावलांचा गारवा मला लागला. सगळे सावरून बसले. गुलाबराव म्हणाले, “या वयनी. हे पाहा, दादाची जागा आमी कशी राखून ठेवली.”

गोजरबाईंनी दुमडलेल्या कडेकडं पाहिलं.

“जागा तं राखली,” त्या म्हणाल्या. “त्याइचं काम कोनी राखलं? युसूफभाऊची पोरगी आजबी भितीले धरून चालून राह्यली. मी आता पाहून आली.”

युसूफभाईंनी तोंड फिरवलं.

“मंग तुमीच बसा, वयनी,” गुलाबराव हळू आवाजात म्हणाले. “तुमी त्याइचं सारं ऐकलं हाय.”

“ऐकलं. भांडली कुठं? त्याइच्यासंग भांडनारा एकच होता. त्याले बलवा.”

इंद्रभानना बोलावणं गेलं. ते आले, पण उंबऱ्याशीच थांबले. गोजरबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी हातच जोडले. “नाई वयनी. मी त्याच्या जाग्यावर बसू? लोकं म्हनतीन, मरायचीच वाट पाहून राह्यला होता.”

“लोकाइचं राहू द्या. कापनीच्या आदल्या दिशी ते मले काय म्हनले, सांगू? म्हनले, आसराइले पयले वर आनाव लागन. इंद्रभानचं बराबर हाय. पन त्याले सांगजो नोको, लय चढन तो.”

एकदोघं हसले. मग इंद्रभानकडे पाहून हसायचे थांबले. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

“मले सांगाले काय झालं होतं त्याले?” एवढंच ते म्हणाले.

गोजरबाई खाली वाकल्या. पान-सुपारी उचलून पदरात घेतली आणि माझी दुमडलेली कड दोन्ही हातांनी सरळ केली. इतक्या दिवसांच्या घडीवर माझं सूत आखडलं होतं, ते दुखलं. पण त्यांच्या त्या हाताखाली मला तुरुंगातला तो हात आठवला. त्यांनी तळव्यानं पट्टा झटकला आणि म्हणाल्या, “बसा भाऊजी.”

इंद्रभान लगेच बसले नाहीत. ग्रामसेवकानं वर कळवलं, अर्ज मागवले, एकच अर्ज आला. ते सगळं रीतसर झाल्यावर मग एके सकाळी ते आले आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसले, दुखरा पाय लांब करून. बोलता बोलता त्यांचा हात चंची सरकवायला बाजूला गेला आणि तसाच थांबला.

आसरा वाजतगाजत वर आल्या. ओटा बांधून झाल्यावर विरोधातल्या तिघांनीच पहिले नारळ फोडले आणि पायऱ्या बुजवण्याला सातही हात वर झाले. गौसियाचे पाय बरे व्हायला वेळ लागला. ती शाळेत परत आली त्या दिवशी तिनं दप्तर आडवं ठेवलं नाही, पाय पसरून ऐसपैस बसली. पुढच्या काही वर्षांत माझ्यावरची फडकी बांधलेली पावलं कमी होत गेली आणि एका वर्षी एकही आलं नाही.

नंतर खुर्च्या आल्या. मी आधी कोपऱ्यात आणि मग माळ्यावर गेले. त्याचा राग आता राहिला नाही.

तर बाळांनो, तो पट्टा लाल आहे, कारण तो दुमडलेला होता. बाकीचे विटत होते तेवढे दिवस त्याला ऊन लागलं नाही, पाय लागले नाहीत. पण जरा जवळ या आणि त्याच्याच कडेला बोट लावून पाहा. तिथं आडवी शिवण लागेल. मी सगळ्यात आधी फाटले ती तिथंच, त्या घडीवर. बाकीच्या सहा पट्ट्यांवर माणसं जन्मभर बसली, ते विटले, पण तुटले नाहीत. ही शिवण गोजरबाईंनी घातली आहे, गोधडीच्या जाड दोऱ्यानं.

म्हणून एवढंच मागते. मला पुन्हा गुंडाळून वर टाकू नका. झटका, उन्हात घाला, हवं तर वरण सांडा, पण अंथरा. त्या लाल पट्ट्यावरही बसा. पुंजाजींची जागा आहे ती, आणि इंद्रभानची. ज्या मुलीनं विचारलं, तिनं आधी बसावं.