ड्रम्स कोणाचे

'खग्रास' या बँडचा पहिला आल्बम गुरुवारी ऑनलाइन आला, तेव्हा त्याचा गिटारवाला विपुल मुरुडजवळच्या आपल्या गावात, घराच्या गच्चीवर एकटाच होता. आल्बमचं नाव 'कक्षेबाहेर'. पृथ्वीशी संपर्क तुटलेल्या यानात एक माणूस उरला आहे, त्याची ही गाणी. खारघरचा मितेश कीबोर्ड वाजवायचा आणि सगळं जुळवून घ्यायचा. त्याला ही कल्पना फार आवडली होती. "कुठून सुचतं रे तुला?" त्याने विचारलं होतं. विपुलने गल्लीकडे बोट दाखवलं नाही, कारण बोलणं फोनवर चाललं होतं.

वर्षभरापूर्वी विपुलच्या वडिलांनी देवळाच्या जागेवरून गावकीविरुद्ध तहसील कचेरीत अर्ज केला आणि गावकीने त्यांचं घर वाळीत टाकलं. या घराशी बोलायचं नाही, अशी शपथ घराघराने देवीपुढे घेतली. याविरुद्ध कायदा आहे. पण माणसाला बोलायला लावील असा कायदा अजून झालेला नाही.

प्राप्तीचं घर समोरच. ती खग्रासची ड्रमर, आणि तिचा बाप बुधाजी गावकीचा पंच. शपथ तिनेही घेतली होती आणि ती पाळतही होती. पण शपथ बोलण्याची होती, वाजवण्याची नव्हती. विपुल गिटार रेकॉर्ड करून मितेशला पाठवी, मितेश तिला. तिचे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स, घरात हेडफोन लावून वाजवलेले, उलट वाटेने येत. समोरच्या घरातला ठेका खारघरला वळसा घालून विपुलच्या कानात पडे.

आल्बमवर कलाकारांची नावं देताना विपुलने लिहिलं: 'ड्रम्स : यंत्र'.

"वेडा आहेस काय?" मितेश ओरडला. "पोरीने हात सोलून घेतलेत."

"तिच्या बहिणीचं लग्न आहे पुढच्या आठवड्यात. माझ्या नावाखाली तिचं नाव दिसलं, तर मांडवात गावचं कुत्रं फिरकणार नाही."

शुक्रवारी सकाळी एसटीच्या थांब्यावर ती दोघंच होती. रोजच्यासारखी प्राप्ती पलीकडच्या टोकाला उभी. मध्ये वेणूबाईची शेळी कागद चघळत होती. लेकी बोले सुने लागे, तशी प्राप्ती शेळीशी बोलायला लागली.

"काय गं, मी यंत्र हाय का?"

शेळीने मान वर केली.

"गावानं याला वाळीत टाकलं तेव्हा माझ्या बापानं मान हलवली. कबूल. पण मला आल्बममधून कोणी टाकलं? विचार त्याला."

विपुल वर्षभराने तिचा आवाज ऐकत होता. तोही शेळीकडेच बघून म्हणाला, "तायडीचं लग्न हाय ना तुमच्याकडं."

"लग्न तायडीचं. ड्रम्स ठोकलेत मी," प्राप्ती शेळीला म्हणाली. "त्या शहाण्याला सांग, नाव टाक म्हणावं. पुढचं मी बघीन."

एसटी आली. ती पुढे बसली, तो मागे. त्याच्या शेजारी गावचं कोणी बसत नसे. रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून त्याने फोन काढला आणि मुरुड यायच्या आत ओळ बदलली: 'ड्रम्स : प्राप्ती बुधाजी भगत'.

पुढचं बघितलं ते बुधाजीने. कोणीतरी त्याला मोबाइलवर ते नाव दाखवलं. गावकी रविवारी बसणार होती. शनिवारीच त्याने प्राप्तीला माणगावला मावशीकडे धाडलं आणि पंचांना सांगून टाकलं, जिचं नाव आहे ती माझ्या घरात राहत नाही. घर वाचलं, लग्न वाचलं. विपुलने गच्चीवरून पाहिलं: बाप बॅग घेऊन पुढे, लेक मागे, ड्रम्स घरातच. तिने वर बघितलं नाही. शपथेत बघण्याबद्दल काही नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मितेशचा फोन आला. "लोक खुळावलेत रे! सगळे विचारतायत, ही प्राप्ती कोण?"

समोरच्या मांडवात बँजो जोरात होता. सगळं गाव जमलं होतं, ती सोडून.

"नाव लिहिलंय ना," विपुल म्हणाला.

"अरे, पण पुढच्या आल्बमला..."

"नाव तेवढंच आहे आपल्याकडे," विपुल म्हणाला, आणि बँजोचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून जिन्याचं दार लावून आत गेला.