टेकोड्यांची भाजी

माझं तोंड तिखट आहे. पवनीला माझ्या माहेरी सगळेच मोठ्याने बोलायचे, कारण हातमागाच्या खटखटाटात हळू बोललेलं ऐकूच येत नाही. सानगडीजवळच्या या गावात सून म्हणून आले तेव्हा सासऱ्यांनी, गोपाळरावांनी, पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे हात जोडले. "बाई, इथं माग नाही चालून राहिला. जरा हळू बोल."

सासूबाई तेवढ्या हसल्या. सत्यभामाबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणते. मला धानातलं काही कळत नव्हतं आणि रानातलं तर त्याहून नाही. सगळं त्यांनीच शिकवलं. बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, पाळीवरची कोणती भाजी खुडायची, कोणती सोडायची. पोळ्याच्या सुमाराला वारुळांवर टेकोडे उगवतात, रानातल्या छत्र्या, त्यांच्या भाजीपुढे मटण मागे पडतं. पण तसल्याच दिसणाऱ्या विषारी छत्र्याही असतात. त्या उपटून आत्याबाई माझ्या हातात द्यायच्या. "बुडाशी वाटी दिसली का फेक," म्हणायच्या, आणि लगेच हात धुवायला लावायच्या.

अलीकडे त्यांचंच बिघडत चाललं होतं. वरणात एकदा दुप्पट मीठ, एकदा अजिबात नाही. ज्या बोडीवर जन्म गेला, तिथून घरी येताना वाट चुकल्या. मी म्हटलं, नागपूरला दाखवू. मामाजी, म्हणजे सासरे, भडकले. "काय झालं तिले? वय झालं, बस." आत्याबाई बोलता बोलता अडकल्या की उरलेलं वाक्य ते पुरं करायचे. पाहुण्यांपुढे तर इतक्या सफाईने, की कुणाला पत्ता लागत नसे. मला त्याचा राग यायचा. माझा नवरा भूपेंद्र हे सगळं बघायचा आणि ताटात मान घालून जेवायचा. त्याचा जास्त राग यायचा.

पोळा झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. भूपेंद्र लाखनीला, दुकानावर कामाला गेला होता. मी वावरात निंदायला गेले होते. परत आले तर अख्ख्या घराला वास सुटलेला. आत्याबाई सकाळी उठून पदर भरून टेकोडे घेऊन आल्या होत्या, भाजीही त्यांनीच केली होती. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा फुललेला होता. मामाजी पाटावर बसले होते. चुलीपाशी छाटून टाकलेले बुडखे पडले होते. प्रत्येकाला पांढरी वाटी.

मी ओरडलेच. "मामाजी, खाऊ नोका! टेकोडे नाहीत हे!"

आत्याबाईंचा हात कढईवरच थांबला. "माह्या हातची भाजी खराब हाये का हो?" त्यांनी विचारलं ते मामाजींना, मला नाही. शाळेत सगळ्यांपुढे उत्तर चुकलेल्या पोरीसारखं तोंड झालं होतं.

मी बुडखे उचलून मामाजींच्या नाकापुढे धरले. त्यांनी ते पाहिले. मग बायकोकडे पाहिलं.

"जनम गेला हिच्या हातचं खाऊन," ते मला म्हणाले, आणि ताट आत्याबाईंपुढे केलं. "वाढ वो."

जेवले. वर भाजी परत मागून घेतली. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला. बायकांनी मागून जेवायचं, या रीतीला मी आजवर शिव्याच दिल्या होत्या. त्या दिवशी तीच कामी आली. आत्याबाई बसायच्या आत मी कढई उचलली आणि उकिरड्यावर पालथी केली. दवाखान्यात चला म्हणून मामाजींच्या किती विनवण्या केल्या, ते हलले नाहीत. संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा भूपेंद्रने गाडी केली.

लाखनीहून भंडाऱ्याला पाठवलं. तिथे ओकाऱ्या थांबल्या, मामाजी उठून बसले, चहा मागितला. आम्हाला वाटलं, वाचले. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की अजून खुश होऊ नका, हे विष आता लिव्हरवर जाईल. तसंच झालं. डोळे पिवळे व्हायला लागले.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "वाट्या दिसल्या होत्या मले, रंजिता."

"मंग खाल्ले काहून?"

"पाहून राहिली होती नं माह्याकडे." मग म्हणाले, "तिले कळू नोको देजो. बाकी सारं इसरते ते. पन हे इसरली नाही तर?"

मरायला टेकलेल्या माणसाचा इतका राग कुणाला येऊ नये. मला आला. डॉक्टरला दाखवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, आणि शेवटी स्वतःचा जीव द्यायचा, पण बायको बिघडली हे कबूल करायचं नाही! हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "नाही कळू देणार." फक्त भूपेंद्रला खरं काय ते सांगितलं.

मामाजींच्या तेरवीला घर भरलं होतं. लाखनीला दिलेली माझी नणंद, अंजूताई, अंगणात सगळ्यांदेखत रडत होती. रडता रडता तिने विचारलं, "पन टेकोडे आनले कोनं?"

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "टेकोडे..." म्हणाल्या. कपाळाला आठी पडली, बोटं पदराची गाठ चाचपायला लागली. "सकाळी मी..."

आता त्यांचं वाक्य पुरं करायला मामाजी नव्हते.

"मीच आनले," मी म्हटलं.

अंजूताई माझ्यावर धावून आली. "पवनीवालीले काय समजते रानातलं! माह्या बापाले खाल्लं हिनं!" बायकांनी तिला आवरलं. मी भूपेंद्रकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. ज्या तोंडाला अख्खं गाव भितं, ते मी घट्ट मिटून ठेवलं.

मग आत्याबाई उठल्या. माणसांतून वाट काढत माझ्यापाशी आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बोलू नोका कोनी माह्या सुनेले," त्या म्हणाल्या. "लेकरू हाये. मानसाकडून चुकी होते. मीनं माफ केलं तिले."

मी त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडले.

"आता रडून काय होते?" मागून कुणीतरी बाई म्हणाली.