बिनकाकडाची शेवळं

माझ्या मुलींसाठी आलेल्या प्रत्येक स्थळावर मी संशय घेतो, असं माझी बायको म्हणते. ते खरं नाही. मी सगळ्यांवरच घेतो.

आताचं स्थळ तर धाकट्या नेहानं स्वतःच आणलं होतं. वैशाखरे गावात एका लग्नात तिची आणि ऋतिक नावाच्या पोराची ओळख झाली. पोरगा मुंबईचा. बाप वारलेला, आई रंजनाबाई, आणि दोघं मिळून दादरच्या भाजीबाजारामागं जेवणाची गाडी चालवतात. आई मूळची वैशाखऱ्याकडची, आपल्या ठाकर जमातीतलीच, असं नेहा म्हणाली. वर आणखी म्हणाली, "बाबा, दादरला उतरून कोणालाही विचारा, चांगलं जेवण कुठं मिळतं. तिकडंच पाठवतील."

"कोणालाही?"

"कोणालाही."

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. शहापूरकडच्या आमच्या खर्डीत दोन माणसांना स्टेशनचा रस्ता विचारा, दोघं दोन दिशांना हात करतील. आणि मुंबईएवढ्या शहरात कोणालाही विचारलं तर सगळे एकच गाडी सांगतात? पुढच्या रविवारी ती मंडळी आमच्या वाडीवर येणार होती. त्याआधी आपण न सांगता जाऊन यायचं, असं मी ठरवून टाकलं.

माझा हा स्वभाव जन्मापासूनचा नाही. थोरली रुपा हिच्या वेळी मी असा नव्हतो. आमच्या वाडीत एक रीत आहे. मुलीचा बाप मुलाकडं पहिल्यांदा गेला की पाणी पिईल, चहा पिईल, पण जेवणार नाही. जेवला म्हणजे शब्द दिला, मग मागं फिरता येत नाही. सात वर्षांपूर्वी कल्याणकडच्या एका घरी मी रुपासाठी गेलो. त्यांनी मटण केलं, वडे केले, शेवयांची खीर केली. पोराच्या आईनं पदर खोचून वाढलं. "सगळं माझ्या हातचं हाय बरं," म्हणाली. मी बोटं चाटत जेवलो आणि शब्द देऊन आलो. पुढं कळलं, जेवण हॉटेलातलं होतं, ती खोली शेजाऱ्याची होती आणि पोराची नोकरी कधीच सुटलेली होती. दोन वर्षांनी रुपा एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. मला ती एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो.

तर या वेळी मी शेवळांची युक्ती काढली. शेवळं म्हणजे जूनमध्ये आमच्या डोंगरात जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. नीट केली तर मटणाच्या तोंडात मारील अशी भाजी. पण नुसतीच शिजवली तर घसा असा खाजतो की माणूस दोन तास बोलत नाही. ती खाज मारायला रानातली काकडं लागतात, बोराएवढी हिरवी आंबट फळं. ती ठेचून घातल्याशिवाय आमच्याकडची बाई शेवळांना हात लावणार नाही. म्हटलं, बिनकाकडाची शेवळं त्या रंजनाबाईसमोर ठेवायची आणि रांधायला सांगायचं. खरी आपल्याकडची असली तर अडेल. नसली तर धुऊन फोडणीत टाकील. मग चाखायला माझा मेव्हणा धाऊ होताच.

रुपाला म्हटलं, "शेवळांच्या चार जुड्या बांध. काकडं नको टाकू."

ती पिशवी भरता भरता थांबली. "बिनकाकडाची? कोणाला देनार?"

"तुला काय करायचंय?"

तिनं सागाच्या पानात जुड्या गुंडाळल्या आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून दिलं.

धाऊला घेऊन दादरला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. मी पहिल्यांदा एका टॅक्सीवाल्याला विचारलं, चांगलं जेवण कुठं मिळतं? "मार्केट के पीछे. मौसी के यहाँ," तो म्हणाला. म्हटलं, हा योगायोग असेल. पुढं एक फुलवाली गजरे ओवत बसली होती. तिला विचारलं. तिनं मान वर न करता सांगितलं, "मागच्या गल्लीत मावशीकडं जा." मग डोक्यावर टोपली घेतलेला एक हमाल दिसला. त्याला तर मी नीट विचारलंही नव्हतं. धाऊचा चेहरा बघूनच तो म्हणाला, "भूक लागलीय ना? मावशीकडं जा. बारानंतर सुकट संपतं."

"बघ," मी धाऊला म्हटलं, "कुठंतरी पाणी मुरतंय. या बाईनं अख्खा बाजार फितवून ठेवलाय."

"दाजी, एवढा बाजार फितवायचा तर रोज शंभर माणसं जेवू घालावी लागतील."

"मग? तेच तर करतेय ती."

धाऊ मान हलवत पुढं चालू लागला. त्याला या गोष्टी कळत नाहीत.

शेवटची खात्री म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वडापाववाल्याला विचारलं. हा तर धंद्यातला तिचा वैरी, हा खरं बोलेल. तो म्हणाला, "वडा खायचा तर इथं खा. जेवायचं असंल तर आत मावशीकडं." झालं! स्वतःचं गिऱ्हाईक आपल्या तोंडानं दुसऱ्याकडं धाडणारा दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझा संशय दुप्पट झाला.

गाडी म्हणजे चार चाकांवरची फळी, वर निळं मेणकापड, बाजूला दोन बाकडी. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर मी धाऊला बसवलं आणि आम्ही पाऊण तास नुसतं बघितलं. बाई पन्नाशीची, काळीसावळी, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. तांदळाची भाकर हातावर थापत होती. मी तेल बघितलं, ते ताजं होतं. पाण्याचं पिंप बघितलं, झाकलेलं होतं. उरलेल्या वालाच्या बिरड्याचं काय करते ते बघायचं होतं, पण ते उरलंच नाही. ताटं ती स्वतः विसळत होती. ऋतिक मध्येच येऊन भाजीचं पोतं ठेवून गेला. नेहानं दाखवलेल्या फोटोत दिसतो तसाच होता, फक्त घामेजलेला. इतकं सगळं सरळ कसं असतं? कल्याणकडं पण सगळं सरळच दिसलं होतं.

"दाजी, पोटात कावळे ओरडतात."

"ओरडू दे. तिच्या हातचं खायचं नाय अजून."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "ओ, मघापासून बघताय. जेवायचंय का माझं माप घ्यायचंय?"

आता उठणं भाग होतं. मी जाऊन पिशवी फळीवर ठेवली. म्हटलं, "जेवायचं नाय. आमच्याजवळ गावची भाजी हाय, तेवढी रांधून द्याल का?"

तिनं सुतळी सोडली, सागाचं पान बाजूला केलं आणि तिचा हात थांबला. एक शेवळ उचलून तिनं नाकाला लावलं. तिचा चेहरा जरा वेळ वेगळाच झाला, वर्षातली पहिली शेवळं बघून माझ्या आईचा व्हायचा तसा.

"कुठून आणलीत?"

"शहापूरकडून."

"काकडं कुठायत?"

माझ्या छातीवरचा धोंडा हलला. पण लगेच दुसरा विचार आला. दादरच्या बाजारात शेवळं विकणाऱ्या बाया जुडीबरोबर काकडं देतातच. हे तर इथल्या कोणालाही ठाऊक असेल. एवढ्यावर मुलगी द्यायची? मी नेट लावला.

"काकडं नाय आणली. नुसतीच करा."

"नुसतीच?"

"हां. काय होत नाय."

बाईनं हातातलं शेवळ खाली ठेवलं. आवाज मोठा नव्हता, पण बाकड्यावरची माणसं जेवायची थांबली.

"शहापूरकडचा माणूस शेवळं नुसतीच करा म्हनतो? कोनी पाठवलं तुमाला? माझ्या भांड्यात खाजरी भाजी शिजवायची, मग माझी गिऱ्हाइकं घसा धरून बसतील, नि उद्या सगळ्या बाजारात बोंब, मावशीकडं जेवलं नि आजारी पडलं. असंच ना?"

"तसं नाय—"

"मग कसं? पाऊन तास पायरीवर बसून माझं तेल बघता, पानी बघता. मी आंधळी वाटले का?"

दोन हमाल उठून उभे राहिले. धाऊ माझ्या मागं सरकला. बाईनं पिशवी उचलली आणि फळीवर उलटी केली. "घ्या तुमची भाजी नि चालू पडा."

चार जुड्या पडल्या. त्यांच्यामागून, पिशवीच्या तळातून, एक पुरचुंडी पडली. निळं कापड, त्यावर बारीक पांढरी फुलं. ते कापड मी ओळखलं. रुपाच्या लग्नातल्या साडीचा तुकडा होता.

बाईनं गाठ सोडली. आत मूठभर काकडं होती, ताजी, देठासकट.

"नाय म्हनत होतात ना? मग हे काय?"

खोटं पकडायला मी गेलो होतो, आणि भर गल्लीत खोटा मीच ठरलो होतो. धाऊ मागून म्हणाला, "दाजी, तुमी तर रुपाला नको म्हनालेला..." मला लाज वाटली. इतकी की वाटलं, तसंच स्टेशन गाठावं. पण त्या निळ्या तुकड्यावरून नजर हलेना.

"मी नेहाचा बाप," मी म्हटलं. "भगीरथ. तुमी खऱ्या का खोट्या, ते बघायला आलो."

तिनं हमालांना हातानंच बसायला सांगितलं. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सरळ सांगायचं होतं."

"सरळ सांगितलं असतं तर तुमी सरळच दाखवलं असतं."

वाटलं, आता ही खरंच हाकलणार. पण ती खाली बसली, बोटांना तेल लावलं आणि शेवळं साफ करायला घेतली. बुडाजवळचा खाजरा पिवळा भाग काढून टाकत होती. मला सांगावं लागलं नाही, मी विचारलंही नाही. "मलापन एकच पोरगा हाय," ती खाली मान घालून म्हणाली. "रविवारी तुमच्या घरी येऊन मी आधी तुमची चूलच बघनार होते. चुलीवरून कळतं घरात बाईला कसं ठेवलंय ते."

काकडं ठेचून तिनं रस काढला, सुकट टाकलं, आणि तो वास सुटला तेव्हा बाकड्यावरचे सगळे माना उंचावून बघायला लागले. धाऊ आपणहून बाकड्यावर जाऊन बसला. त्याच्या जेवण्याला रीतीत काही किंमत नाही, म्हणून मी त्याला अडवलं नाही.

मग तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं. भाकर, शेवळं, कांदा. आधी स्वतः एक घास मोडून माझ्यासमोर खाल्ला.

"आता जेवायच्या आधी विचार करा," ती म्हणाली. "रीत मलापन ठाऊक हाय. नुसतं पोट भरायचं असंल तर गल्लीच्या तोंडाशी वडापाव मिळतो."

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू. तेल चांगलं होतं, बाई खरी होती, पोरगा घाम गाळत होता, आणि तरी माझा हात भाकरीकडं जाईना. मागच्या वेळी ताट असंच समोर होतं. मी फोन काढला आणि रुपाला लावला.

"काकडं तू टाकलीस?"

"हां."

"मी नको म्हनलो होतो ना?"

"ठाऊक हाय." ती म्हणाली. "बाबा, माझ्या टायमाला तुमी काय म्हनता काय नाय बघितलं. आता नको तेवढं बघताय. त्यात नेहानं काय केलंय?"

सात वर्षांत तिनं मला पहिल्यांदा बोल लावला होता. मी त्याची वाट बघत होतो, हे मला तेव्हा कळलं.

"बाई कशी हाय?" तिनं विचारलं.

"भांडकुदळ हाय. गोड बोलायचं जमत नाय तिला."

"मग जेवा," रुपा म्हणाली आणि फोन ठेवला.

मी भाकर मोडली. पहिला घास गिळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रंजनाबाई घाबरून पुढं झाल्या. "काय झालं? काकडं कमी पडली का?"

"नाय," मी म्हटलं. "पुरली."