नोकरी घरातच राहिली

१९७४ साली सोलापुरात साखरेला रांग होती, रॉकेलला होती, नोकरीला तर होतीच. सल्ला मात्र घरपोच मिळे. ईश्वरप्पांची नागम्मा डी.एड. होऊन मुलाखतीला निघाली, त्या सकाळी त्यांच्या घरी सल्लागारांचा राबताच लागला. शेजारच्या हुसेनबींनी सांगितलं, साडी फिकी नेस, भडक नेसलीस तर नोकरीची गरज नाही असं वाटतं. समोरच्या पेन्शनर गृहस्थांनी बजावलं, विचारतील तेवढंच बोल. स्वतःच्या कापडदुकानाची गादी सोडून जन्मात कुठं नोकरी न केलेल्या ईश्वरप्पांचं मत पडलं की खुर्चीच्या कडेवर बसावं. आई शिवबाईंनी काही न सांगता लेकीच्या कपाळाला विभूती लावली.

वजनदार सल्ला मामांचा. वीरभद्रप्पा हे शिवबाईंचे थोरले बंधू. जागा ज्या शाळेत होती, त्या संस्थेच्या मंडळावर ते होते. शिवाय हुंड्याविरुद्ध भाषणं करीत. 'मुलगी शिकली पाहिजे' हे त्यांचं टाळ्यांचं वाक्य.

"नागू, वशिला-बिशिला मनात आणू नगंस. लायकीवर मिळव. मी हाय की."

या बोलण्यात काही विसंगती आहे, असं घरात कुणालाच वाटलं नाही.

शाळेत तिला चौथीच्या वर्गावर अपूर्णांकाचा पाठ घ्यायला लावला. नागम्मानं डब्यातली कडक भाकरी काढली आणि पोरांसमोर मोडली. निम्मी, पाव, अर्धपाव. पोरांनी गणित खाऊन टाकलं. हेडमास्तर खूश झाले, आठवड्यात ऑर्डर येईल म्हणाले.

आठवड्यात ऑर्डर आली नाही, स्थळ आलं.

मुलगा पंचाक्षरी, अक्कलकोटकडचा, तोही डी.एड. मामांनीच आणलेला. त्याचे वडील चनबसप्पा बसता बसताच म्हणाले की आम्ही हुंडा घेत नाही; कायद्यानं बंदी आहे आणि आमच्या तत्त्वातही बसत नाही. ईश्वरप्पांचे डोळे पाणावले. नागम्मानं चुरमुऱ्यांच्या सुशल्याच्या बशा आणून ठेवल्या आणि ती मान खाली घालून बसली.

मुलीला काही विचारा, असं म्हटल्यावर पंचाक्षरी खाकरला. पोरगा सरळ होता. मनातलं तोंडात यायला त्याला वेळ लागत नसे.

"तुमी अपूर्णांकाला भाकरी घेतली होती म्हणं. ती कडकच लागती का? सोमवारपासनं तो वर्ग माझ्याकडं हाय."

चनबसप्पांनी मुलाची मांडी दाबली, पण उशिरा.

नागम्मानं मान वर केली. "आप्पा, तुमाला ठावं होतं?"

ईश्वरप्पा चष्मा पुसू लागले. मग मामांनीच सभेत समजावतात तसं समजावलं. हुंडा देणं हा गुन्हा. जागा देणं नव्हे. जागा तर एकच होती. ती जावयाला दिली, तरी पगार शेवटी हिच्याच चुलीवर शिजणार.

"नोकरी घरातच राहिली की," आप्पा पुटपुटले. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं.

"कुणाच्या घरात, आप्पा? पाठ मी घेतला. माझीच जागा देऊन मला उजवाय निघालाय, आन् वर बिनहुंड्याचं लगीन म्हणताय. मला न्हाय करायचं हे."

मामा म्हणाले, पोरगी शिकली की अशी बोलते. आपलं टाळ्यांचं वाक्य त्यांनी तिथल्या तिथं मागं घेतलं.

स्थळ मोडलं. जागा मात्र मोडली नाही. सोयरीक फिसकटली म्हणून नेमलेल्या मास्तराला काढता येत नाही, असं मामांनी सांगितलं. नियमांवर त्यांची एवढी निष्ठा पूर्वी कुणी पाहिली नव्हती. पुढं पंचाक्षरीचं दुसरीकडं जमलं. आता तो नोकरीवाला मुलगा होता, म्हणून चनबसप्पांनी तत्त्व जरा बाजूला ठेवून रीतसर हुंडा घेतला. लग्नाला ईश्वरप्पा गेले, आहेरही केला. संबंध तोडून कसं चालेल?

नागम्मा आप्पांशी बोलेनाशी झाली. मामांचं तिला तेवढं लागलं नव्हतं. पण तिला डी.एड.ला घालताना आप्पा साऱ्या भावकीशी भांडले होते. परक्यानं फसवलं तर फौजदाराकडं जाता येतं. आप्पांना कुठं न्यायचं?

ती एसटीनं एकटी गावोगावच्या शाळा फिरली. "तुमच्या मागं कोण आहे?" असं विचारत, आणि "कुणी न्हाय" म्हटलं की मुलाखत संपे. शेवटी वैरागला, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंच्या जागी तिला तात्पुरतं घेतलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं होतं.

भाऊबीजेला वीरभद्रप्पा नेहमीसारखे आले, टोपी नीट करून पाटावर बसले. शिवबाई निरांजन पेटवून ताट घेऊन आल्या. या सगळ्या प्रकरणात त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

"अण्णा, ऊठ," त्या म्हणाल्या. "पोरगी सुट्टी संपली की नोकरीला चाललीय. तिला बसू दे."

वीरभद्रप्पा हसले. मग मेहुण्यांकडं पाहू लागले. ईश्वरप्पा जमिनीकडं पाहत होते. शिवबाई ताट धरून तशाच उभ्या. ही बाई आता हलायची नाही, हे उमगायला वीरभद्रप्पांना बराच वेळ लागला. उमगलं तेव्हा ते उठले.

"बस, नागू," आप्पा हळूच म्हणाले.

नागम्मा बसली. आईनं ओवाळलं. आप्पांकडं तिनं पाहिलं नाही.