फुटक्या चोचीचा साक्षीदार

माझी चोच तुटली आहे, तोंड मात्र शाबूत आहे. मित्रांनो, मी एक जुने चंचुपात्र आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून भंगारात निघाले होते, ते तिथल्या शिक्षिका सुनेत्राताईंनी घरी आणले. "फुटकं कशाला आणलंस?" म्हणून त्यांच्या यजमानांनी, उमाकांतरावांनी नाक मुरडले. आज त्या घरातला समुद्र माझ्या भरवशावर जगतो!

होय, समुद्र! जयपूरच्या दुर्गापुऱ्यात, बैठकीतल्या काचेच्या टाकीत. शेजारी हसतात, "भाभीजी, रेगिस्तान में समंदर?" हसू देत. त्यात जिवंत प्रवाळ आहेत. पाण्यातले कॅल्शियम घेऊन ते आपला सांगाडा बांधतात. पाण्यातले कॅल्शियम कमी झाले की ताई माझ्यात कॅल्शियम क्लोराइड विरघळवतात आणि टाकीत थेंब थेंब सोडतात.

मागच्या महिन्यात घरातले कॅल्शियम क्लोराइड संपले. प्रवाळांचा रंग उडू लागला. नवे पाकीट यायला चार दिवस होते. उमाकांतराव कपाटातली ओल शोषणाऱ्या खड्यांची थैली घेऊन आले.

"यावरही तेच नाव आहे. मतलब, चालेल ना?"

"अहो, कपाट ते पीत नाही. प्रवाळ पितात. आधी चंचुपात्रात बघू."

"ते मरतायत आणि तू प्रयोग करत बस!"

ताईंनी माझ्यात आधी पाणी घेतले, मग थोडे खडे सोडले. मी चांगलेच तापले. तळाशी मातकट गाळ, वर तेलकट तवंग. मागे धरलेल्या वर्तमानपत्रातले एक अक्षर दिसेना.

"घ्या, प्या," ताई म्हणाल्या.

उमाकांतरावांनी थैली परत कपाटात ठेवली.

नाव वाचून दुसऱ्याच्या घरात काहीही ओतणाऱ्याला मी बेपर्वाच म्हणणार, मग तो घरचा का असेना!

चार दिवस दोघांनी टाकीतले थोडे थोडे पाणी बदलून, ताजे खारे पाणी घालून प्रवाळ तगवले. मग पाकीट आले, पनीरच्या कारखान्यात वापरतात त्या खाण्याच्या दर्जाचे. या वेळी उमाकांतरावांनीच ते माझ्यात विरघळवले, मला उजेडात धरले आणि मागचे वर्तमानपत्र माझ्या आरपार मोठ्याने वाचले, "दुर्गापुरा में कल पानी नहीं आएगा."

"बघ, अक्षर न् अक्षर दिसतंय!"

ताई हसल्या. प्रवाळांवर पुन्हा जांभळी झाक आली आहे.

मित्रांनो, नितळ दिसले म्हणजे शुद्धच असते असे नाही, पाकीटही नीट वाचा. पण गढूळ असेल तर नकोच. ज्याला ओरडता येत नाही, त्याच्या पाण्यात काही टाकण्याआधी माझ्यासारख्या फुटक्याला विचारा. आणि काम झाले की मला धुऊन उपडे ठेवा. उद्याही खरे सांगायचे आहे मला.